घरची गाडी, तुमचे प्रश्न : काच धुरकटते, दिवा पेटतो, बिल फुगतं

पावसाळा तोंडावर आला की या सदराचं टपाल वाढतं. यावेळचे बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत. आणि आधीच सांगून टाकतो, यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या गाडीत समोरच्या खणात आहेत, गाडी घेतली त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर जे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून आत गेलं ते अजून तसंच तिथे आहे ना, त्यात.

प्रश्न : पावसात आमची समोरची काच आतून इतकी धुरकट होते की समोरची एसटी दिसत नाही. मिस्टर म्हणतात हीटर लाव, दीर म्हणतात काच खाली कर, मी आपली फडक्याने पुसत बसते. एसी लावला तर थंडी वाजते, वर मायलेज जातं म्हणून ओरडा. नक्की काय करायचं? (एक ताई, चिपळूण)

ताई, एसीच लावायचा, आणि घरात वाद झाला तर हा अंक पुढे करा. काच धुरकटते ती आतल्या दमटपणामुळे. चार माणसांचे श्वास, ओले कपडे, पायाशी ठेवलेली टपकणारी छत्री, हे सगळं पाणी गाडीतल्या हवेत जातं आणि बाहेरून पावसाने काच गार पडलेली असते म्हणून ते तिच्यावर येऊन बसतं. अशा वेळी एसी लावायचा तो गारव्यासाठी नाही, हवा कोरडी करायला. एसीच्या कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि नळीतून गाडीखाली ठिबकतं (हेच पाणी बघून दर उन्हाळ्यात लोक विचारतात गाडी लीक आहे का, नाहीये, एसी नीट चालू आहे). थंडी वाजत असेल तर तापमानाचं चाक निळ्याकडून थोडं लालकडे फिरवा पण एसीचं बटण चालूच ठेवा, एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालतात, त्यांचं काही भांडण नाही. म्हणजे मिस्टर अर्धे बरोबर आहेत.

पण खरी मेख दुसऱ्याच बटणात आहे. गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण, असं एक बटण किंवा सरकवायची पट्टी असते बघा, ते म्हणजे आतलीच हवा आत फिरवत ठेवा. समोर काळा धूर सोडणारा ट्रक असेल किंवा मे महिन्यात गाडी लवकर गार करायची असेल तेव्हा ते बरोबर, पावसात मात्र ते बंद पाहिजे म्हणजे बाहेरची हवा आत यायला लागते. लोकांना वाटतं बाहेर एवढा पाऊस, बाहेरची हवा घेतली तर अजून दमट होईल, पण ती हवा कॉइलवरून कोरडी होऊनच आत येते आणि तुमच्या श्वासांची कोंडलेली हवा मागून निघून जाते. आता हवा काचेवर सोडायचं बटण दाबा, वर जाणारे तीन वेडेवाकडे बाण असतात ते, बऱ्याच गाड्यांत ते दाबलं की एसी आणि बाहेरची हवा दोन्ही आपोआप सुरू होतात. काच लगेच मोकळी व्हायला लागते. फडक्याने पुसू नका, हाताचा तेलकटपणा काचेला लागतो आणि तेलकट काच जास्त धुरकटते, त्यापेक्षा घरी असताना एकदा आतून काच स्वच्छ धुवून कोरडी करून ठेवा.

कधीकधी उलटं होतं, काच बाहेरून धुरकटते, विशेषतः रात्री कोकणात नाहीतर गोव्यात एसी फुल गार करून चालवताना. आतून बोट फिरवून बघा, रेघ उमटली नाही तर धुकं बाहेर आहे. वायपर एकदा मारा, हवा काचेवरून काढून तोंडाकडे वळवा, तापमान थोडं वाढवा, बास. मागच्या काचेत तांबूस आडव्या रेघा असतील तर त्या गरम होणाऱ्या तारा आहेत, त्यांच्यावर देवाचं स्टिकर चिकटवून नंतर ब्लेडने खरवडू नका, तार तुटली की तेवढा पट्टा कायमचा धुरकट. राहिला मायलेजचा मुद्दा, तर एसीने थोडं जातं, खरं आहे. जाऊ द्या.

प्रश्न : तिसरी सर्व्हिस "फ्री" आहे म्हणाले आणि हातात नऊ हजाराच्या वर बिल ठेवलं. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग असं बरंच काही लिहिलंय. हे सगळं खरंच लागतं का? (एक वाचक, पुणे)

फ्री म्हणजे लेबर फ्री, ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात, हे आधी लक्षात घ्या म्हणजे निम्मा राग जाईल. उरलेला राग बरोबर आहे.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक तक्ता असतो, किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, जे आधी होईल ते. बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष झालं की इंजिन ऑइल. त्या तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, काउंटरवर दाखवा आणि सांगा की यात आहे तेवढंच करा, जास्तीचं काही निघालं तर आधी फोन करा. जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करायच्या आधी वाचा, तिथे सगळं आधीच टिक केलेलं असतं आणि आपण चहाच्या घाईत सही ठोकून मोकळे होतो.

आता एकेक बघू. इंजिन फ्लश म्हणजे ऑइल बदलताना इंजिन आतून धुणं, ऑइल वेळेवर बदलत असाल तर गरज नाही. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, गाडी सिग्नलला उभी असताना आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा खालीवर होत असेल किंवा बंद पडत असेल तर साफ करा, उगाच नको. अंडरबॉडी कोटिंग म्हणजे गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला लेप, मालवण, रत्नागिरी, अलिबाग अशा खाऱ्या हवेत गाडी राहत असेल तर मी स्वतः करा म्हणेन, पुण्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभ्या असलेल्या गाडीला कशाला. केलंत तर दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात ती कोटिंगने बुजली नाहीत ना बघा, बुजली तर पाणी दारात साठून दार आतून गंजतं.

राहिलं एसी डिसइन्फेक्टंट, ते एसीच्या वासासाठी मारतात. तो वास बऱ्याचदा केबिन फिल्टरचा, म्हणजे आत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीचा असतो, आणि हा फिल्टर घरी बदलता येतो. समोरचा खण रिकामा करा, दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबा की तो अख्खा खाली लोंबतो, मागे एक आडवं झाकण दिसेल, त्याच्या कडेच्या चिमट्या दाबून ओढलं की घडीघडीच्या कागदासारखा फिल्टर बाहेर येतो. पहिल्यांदा काढाल तेव्हा त्यात पिंपळाची पानं, डासांचे पंख, काय काय निघेल. नव्या फिल्टरवर बाण असतो, जुन्याचा ज्या दिशेला होता त्याच दिशेला बसवायचा. काही मॉडेलमध्ये रचना वेगळी असते, पुस्तकात चित्र आहे. आणि घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल सुकते, कुबट वास धरत नाही.

प्रश्न : पंपावरचा पोरगा विचारतो टायरमध्ये हवा किती मारू, मी म्हणतो तुला माहीत असेल ते मार. तो ४० मारतो. टायरवर तर ५१ लिहिलंय. नायट्रोजन भरू का? (एक काका, सोलापूर)

काका, ड्रायव्हरचं दार उघडा आणि दार जिथे टेकतं त्या खांबावर बघा, छोटं स्टिकर असतं, पुढच्या टायरला किती, मागच्या टायरला किती, माणसं भरलेली असतील तर किती. घरगुती गाड्यांत साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास असतं. टायरवर लिहिलेला आकडा हा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे, तेवढं भरायचं नसतं. ४० भरून फिरलात तर टायर मधल्या पट्ट्यात झिजतो, गाडी खड्ड्यात आपटते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. हवा टायर गार असताना तपासा, लांबून आल्या आल्या मोजलंत तर तीन-चार पीएसआय जास्त दाखवेल, ती हवा काढून टाकू नका.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या.

आणि टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, समजा २३२१, म्हणजे २०२१ सालातल्या २३ व्या आठवड्यात बनलेला, नवा टायर घेताना ते बघूनच घ्या. खोबणीत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे दिसतील, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खोबण १.६ मिलिमीटर उरलेली असते, तो टायर या पावसाळ्यात वापरायचा नाही. स्टेपनीतही हवा बघा, ती कोणीच बघत नाही. तुमची स्टेपनी बाकी चाकांपेक्षा बारकी असेल तर तिच्यावर ८० चा इशारा लिहिलेला असतो, म्हणजे तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही आणि लवकरात लवकर पंक्चर काढून घ्यायचं.

प्रश्न : स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकडे असलेलं एक चाक आहे, सोबत दिव्याचं चित्र. फिरवलं तर काहीच होत नाही. बिघडलंय का? (एक वाचक, नाशिक)

बिघडलेलं नाही, तुम्ही दिवसा फिरवून बघितलंय. रात्री लाईट लावून भिंतीसमोर गाडी उभी करा आणि फिरवा, झोत खालीवर होताना दिसेल. पुढे एक-दोघंच असाल तर ०. मागे तिघं बसले, डिकीत तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या, की गाडीचं नाक वर होतं आणि तुमचा लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा आकडा वाढवायचा म्हणजे झोत खाली येतो. गावाहून परतताना समोरचे सगळे आपल्यालाच डिपर का मारतायत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे चाक आहे. तसाच आतल्या आरशाच्या खाली एक छोटा खटका असतो, रात्री मागची गाडी डोळ्यात लाईट मारत असेल तर तो पुढेमागे करा, आरसा अंधारतो.

प्रश्न : डॅशबोर्डवर पिवळ्या रंगाचा इंजिनचा दिवा लागलाय, गाडी तर मस्त चालतेय. दुर्लक्ष करू का? (एक वाचक, नागपूर)

करू नका, पण घाबरूही नका. पिवळा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे आत्ता थांबा, एवढं साधं आहे. पिवळा इंजिनचा दिवा सतत जळत असेल तर आरामात चालवत दोन-चार दिवसांत गॅरेज गाठा, पण तो लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं आणि तो भाग भयंकर महाग आहे. मेकॅनिक स्टिअरिंगखाली स्कॅनर लावेल, त्याला कोड नंबर कागदावर लिहून मागा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, असा प्रत्येकाचा अर्थ असतो. "सेन्सर गेलाय" एवढंच तोंडी सांगितलं तर पैसे देऊ नका.

लाल दिव्यांमध्ये सगळ्यात वाईट तो तेलाच्या थेंबाचा, चोचीच्या भांड्याचं चित्र असलेला. चालत्या गाडीत तो लागला तर ऑइलचं प्रेशर गेलंय, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणून गेलात तर इंजिन जाम. लाल थर्मामीटर लागला तर तसंच, थांबायचं, आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, आतलं पाणी प्रेशरखाली असतं, झाकण सैल केलं की उकळून तोंडावर येतं. गार झाल्यावर बाजूच्या अर्धपारदर्शक टाकीत लेव्हल बघा. त्यात बोअरचं पाणी ओतायची सवय असेल तर सोडा, आत क्षार धरतात.

प्रश्न : सासरे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, म्हणतात पेट्रोल वाचतं, आम्ही ट्रक असेच उतरवले. मला भीती वाटते. (एक वाचक, सातारा)

भीती बरोबर आहे. सासऱ्यांना मान देऊन सांगा की आताच्या गाड्यांत हिशोब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच बंद करतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचवायला गेले आणि उलट जाळतायत.

त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, आंबेनळी नाहीतर वरंधसारख्या घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं की ते तापतात, जळका वास येतो, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, ते उकळून वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. म्हणून तर ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, ते पॅकेजमधलं फालतू काम समजू नका. जुने ड्रायव्हर म्हणायचे ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, ते आजही बरोबर. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरच्या दांड्यावर एम (मॅन्युअल) किंवा एल (लो) कशासाठी दिलंय, याचसाठी. इंजिन बंद करून उतरणारे पण भेटलेत मला, त्यांना काय सांगणार, इंजिन बंद असलं की दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंगही जड.

प्रश्न : रस्त्यावर पाणी साठलं तर किती पाण्यातून गाडी काढावी? मध्येच बंद पडली तर? (एक वाचक, बदलापूर)

अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर जाऊच नका, आणि वाहत्या पाण्यात, पुलावरून जाणाऱ्या पाण्यात तर चार बोटं असलं तरी नाही. कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एका चालीने, मध्ये गिअर न बदलता आणि समोरची गाडी पूर्ण बाहेर पडू देऊन मगच. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, ओले ब्रेक पहिल्यांदा धरत नाहीत.

बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ करायला लावा. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर पिस्टन हवा दाबू शकतो पण पाणी दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती भिजलेली गाडी सुकवून, ऑइल बदलून बऱ्याचदा सुरू होते, स्टार्टर मारलेली गाडी इंजिन उघडायलाच जाते. आणि विमा कंपनी विचारते की पाण्यात पुन्हा स्टार्ट केली होती का. साध्या पॉलिसीत हे नुकसान बऱ्याचदा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, तुमच्याकडे पाणी भरतं तर पॉलिसी रिन्यू करताना ते घ्याच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत काही माणसं बंद गाडीतच गुदमरून गेली. पाणी वाढतंय असं दिसलं की काच आधी खाली करा, वायरिंग भिजलं की पॉवर विंडो चालेलच असं नाही, आणि गाडी सोडून उंचावर जा. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूची फोडा, कोपऱ्यात मारून. समोरची काच दोन थरांची असते, तडे जातात पण निघत नाही.

प्रश्न : गाडी गावाला महिना महिना उभी असते. शेजाऱ्याला सांगितलंय, तो रोज पाच मिनिटं चालू करून बंद करतो, तरी बॅटरी उतरते. (एक वाचक, डोंबिवली)

त्या पाच मिनिटांमुळेच उतरते. स्टार्टर जेवढं खातो तेवढं पाच मिनिटांत भरून येत नाही. एकतर आठवड्याला अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवायला सांगा, नाहीतर सरळ दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल तेवढंच. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसात ब्रेक गंजून चिकटतात, सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. आणि गाडीत चिवड्याची पाकिटं, बिस्किटं सोडून जाऊ नका, उंदीर एकदा आत शिरले की खाऊ संपल्यावर वायरी कुरतडतात.

प्रश्न : ई२० पेट्रोल आल्यापासून मायलेज कमी झालंय, की माझा भ्रम आहे? गाडी २०१६ ची. (एक ऊस उत्पादक, अहिल्यानगर)

भ्रम नाही. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की नुसत्या हिशोबाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी, प्रत्यक्षात किती जाणवेल ते गाडी आणि पाय यांच्यावर. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांचे भाग ई२० धरून बनवलेत, तुमच्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील सर्व्हिसला मुद्दाम तपासायला सांगा. इथेनॉल पाणी ओढून घेतं म्हणून टाकी थोडी भरून आणि गाडी वापरात ठेवा. उसाचे पैसे कारखान्याकडून वेळेवर येतायत का ते मात्र वेगळ्या सदरात विचारा.

प्रश्न : ८० च्या वर गेलं की गाडी पी पी करते, बंद कसं करायचं? (एक वाचक, ठाणे)

बंद होत नाही. १ जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, ८० ला मधूनमधून आणि १२० च्या वर गेलात की सलग. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा १०० आहे तेव्हा सलग वाजायची वेळच यायला नको.

प्रश्न : सीएनजी गाडी आहे, पेट्रोल भरतच नाही. चालेल ना? (एक वाचक, पनवेल)

चालतंय तोपर्यंत चालेल. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो, टाकी कायम रिकामी ठेवली तर पंप जातो, म्हणून पाव टाकी तरी ठेवा आणि आठवड्याला थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते, ती उलटली की पंपवाला गॅस भरायला नाही म्हणू शकतो आणि त्याचं बरोबर आहे, आत साधारण २०० बार प्रेशर असतं. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या पोराला उचलून घेऊन.